सारखा भार

"मला वेगळं व्हायचंय," असं बायकोने म्हटलं तेव्हा तपासनीस शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होते. त्यांनी आधी इस्त्री उभी करून ठेवली, मग बटण बंद केलं, मग वायर नीट गुंडाळली आणि मग विचारलं, "का?"

या क्रमावरून माणूस कसा आहे ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. वाईट नव्हता हो. दारू नाही, आरडाओरडा नाही, हात उचलणं तर नाहीच. घरगुती वस्तूंची परीक्षा घेणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते कित्येक वर्षं नोकरीला होते. बाजारात आलेल्या इस्त्र्या, खुर्च्या, शिड्या, बॅगा आणायच्या, त्यांच्यावर ताण द्यायचा आणि कोणती वस्तू किती टिकते ते पाहायचं, हे त्यांचं काम. खुर्च्यांसाठी तिथे एक यंत्र होतं. त्याला माणसाच्या बुडाच्या आकाराचा एक जड लाकडी ठोकळा जोडलेला असे, आणि तो ठोकळा खुर्ची मोडेपर्यंत तिच्यावर बसायचा, उठायचा, बसायचा, उठायचा. सगळे त्याला लाडाने 'मामा' म्हणत. मामाचे दोन नियम होते. सगळ्या खुर्च्यांवर सारखाच भार टाकायचा, नाहीतर तुलना खोटी ठरते. आणि एकदा सुरू केलेली चाचणी मध्येच थांबवायची नाही, नाहीतर पुन्हा शून्यापासून करावी लागते.

बायको सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होती. आयुष्यभर हळू बोलायची सवय लागलेली. वेगळं व्हायचंय हेसुद्धा तिने, पुस्तक दुसऱ्या कोणी नेलंय असं सांगावं तितक्याच हळू सांगितलं होतं.

"का, ते तुला सांगून काय उपयोग, असं मला आता रोज वाटतं," ती म्हणाली. "म्हणूनच."

तपासनीस घाबरले. खरोखरच घाबरले. तिच्याशिवायचं घर त्यांनी कधी डोळ्यांपुढे आणूनच पाहिलं नव्हतं. ते घाईघाईने म्हणाले, "आपण समुपदेशकाकडे जाऊ. हल्ली खूप जण जातात."

बायको हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. अप्पा गेले, म्हणजे तिचे वडील वारले, तेव्हा तिनेच हा विषय काढला होता. त्या वेळी तपासनिसांनी, आपल्या घरातलं परक्या माणसापुढे कशाला काढायचं, असं म्हणून हात झटकले होते. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

"उशीर झालाय," ती म्हणाली. "पण येईन. पुढच्या महिन्यात वकिलांकडे सह्या करायच्या आहेत, तोवर तू म्हणशील तिथे येईन. म्हणजे प्रयत्न केला नाही असं तुला वाटायला नको."

वाचकहो, अशा वेळी तुम्ही-आम्ही काय केलं असतं? रडलो असतो, माफी मागितली असती, निदान जेवलो तरी नसतो. तपासनीस मात्र कामाला लागले. त्यांनी पुस्तकं आणली, लेख वाचले, चार ओळखीच्यांना आडून आडून विचारलं. आठवड्याभराने सकाळी चहाच्या टेबलावर ते बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तरतरी आली होती.

"हे बघ, घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या जोडप्यांसाठी मुख्य तीन पद्धती दिसतात," ते म्हणाले. "एकीत सवयींवर काम करतात. कसं बोलायचं, कसं ऐकायचं, रोज घरी काय करायचं, ते शिकवतात. दुसरीत भांडणाच्या तळाशी कोणती भावना दडलीय ते शोधतात. आणि तिसरी थोडक्यातली. त्यात उपचार नसतो, राहायचं की वेगळं व्हायचं ते नीट ठरवायला मदत करतात. आपण तिन्हीकडे एकेकदा जाऊ आणि जी सर्वांत चांगली ठरेल ती घेऊ."

"बरं."

"फक्त एक आहे. तिघांना प्रकरण सारखंच द्यायला हवं. एकाला सोपं, एकाला अवघड असं झालं तर तुलना कशी होणार? तू अप्पांचा दिवस सांग."

बायकोने कप खाली ठेवला. "तिन्ही ठिकाणी?"

"तिन्ही ठिकाणी. आपल्यातलं मुख्य तेच आहे ना?"

"हो," ती म्हणाली. "तेच आहे." आणि ती कप विसळायला उठली.

पहिले समुपदेशक सवयींवर काम करणारे होते. त्यांच्या टेबलावर वाळूचं घड्याळ होतं. वाळू पडत असेतो एकाने बोलायचं, दुसऱ्याने नुसतं ऐकायचं आणि मग ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. सरांनी घड्याळ उलटं केलं आणि बायको बोलू लागली.

अप्पा त्यांच्याकडेच राहत असत. त्या दिवशी ते आंघोळीला गेले आणि आत पडले. दार आतून बंद होतं. ते कसंबसं उघडून तिने त्यांना बाहेर आणलं, नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, चाचणी चालू आहे, संपली की निघतो, तोवर तू रुग्णवाहिका बोलाव. रुग्णवाहिका येईना. शेवटी ती रस्त्यावर धावली आणि समोरच्या दुकानात गाद्या उतरवायला आलेला एक टेम्पो तिने गाठला. टेम्पोवाल्याने उरलेल्या गाद्यांवरच अप्पांना आडवं केलं. गाद्यांना प्लॅस्टिक होतं, आणि अप्पांचा ओला हात त्या प्लॅस्टिकला सारखा चिकटत होता. डोकं तिच्या मांडीवर होतं. दवाखाना दिसायला लागला तेव्हा ते गेले. चाचणी संपवून नवरा आला तेव्हा संध्याकाळ झाली होती.

वाळू संपली. सर तपासनिसांकडे वळले. "काय ऐकलंत?"

"मी वेळेवर आलो नाही याचं तिला वाईट वाटलं."

"अजून थोडं सविस्तर?"

"खूप वाईट वाटलं," तपासनीस म्हणाले. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. साधंच, पण काय अचूक साधन! सरांनी घरी करायला रोजचा सराव दिला. रोज ठरलेल्या वेळी असंच आळीपाळीने बोलायचं, आणि जोडीदाराची एक तरी चांगली गोष्ट त्याला बोलून दाखवायची. परतताना गाडीत तपासनीस खुशीत होते.

"यांना दहापैकी किती देशील?"

"सहा," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली.

सराव अर्थात सुरू केला नाही. दोन पद्धतींची तुलना व्हायची होती अजून, मधूनच एकीचं औषध कसं घ्यायचं?

दुसऱ्या मॅडमच्या खोलीत टेबलच नव्हतं. तीन खुर्च्या, एक मऊ दिवा आणि हाताशी रुमालांचा खोका. बायकोने पुन्हा सुरुवात केली. ती टेम्पोपर्यंत आली तेव्हा मॅडमनी तिला हलकेच थांबवलं. "प्लॅस्टिकला हात चिकटत होता म्हणालात. त्या वेळी तुमच्या मनात काय होतं?"

बायको म्हणाली, "की आता या जगात माझं असं कोणी नाही. आहे, पण नाही."

एवढं बोलून ती रडली. तीन वर्षांत तिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. मॅडम तपासनिसांकडे वळल्या. "हे ऐकताना तुम्हाला आत काय होतंय?"

तपासनीस विचारात पडले होते. रुमालांचा खोका हाताच्या अंतरावर ठेवलाय, म्हणजे रडणाऱ्याला उठावं लागत नाही, असं त्यांच्या मनात चाललं होतं. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "पद्धत चांगली आहे."

बायकोने रुमालाने डोळे पुसले आणि रुमालाची बारीक घडी घालत राहिली. गाडीत तिने आपणहूनच "सात" असं सांगून टाकलं, विचारायची पाळी येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात गेली नाही. पडून राहिली. तपासनिसांना सर्दी वाटली. त्यांनी गोळी आणि पाण्याचा पेला उशाशी ठेवला, पंखा कमी केला आणि कामावर गेले. आपण बायकोची काळजी घेतो, असं त्यांना त्या दिवशी मनापासून वाटत होतं. पुढे या गोळीची आठवण झाली की त्यांना तोंड लपवावंसं वाटे.

तिसऱ्या समुपदेशक वयस्कर होत्या. सगळे त्यांना ताईच म्हणत. त्यांनी आधी दोघांना एकेकटं आत बोलावलं. बायकोला दार लावून पहिला प्रश्न विचारला, "घरी त्याची भीती वाटते का? मारतो, धमकावतो, पैसे अडवतो?" ती नाही म्हणाली. "मग ठीक. वाटत असती तर मी तुम्हाला एकत्र बसवलंच नसतं. आधी तुमच्या सुरक्षिततेचं पाहिलं असतं." मग त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"मी लग्न वाचवायला बसलेली नाही, मोडायलाही नाही," ताई म्हणाल्या. "तुमच्यात एकाचा पाय दाराबाहेर आहे आणि एकाचा घरात. अशा जोडप्याने ठरवल्याशिवाय उपचार सुरू केले की ते अर्धवट होतात, आणि मग उपचारांवर खापर फुटतं. म्हणून आधी ठरवायचं. आहे तसं चालू द्यायचं, वेगळं व्हायचं, की काही महिने दोघांनी जीव लावून प्रयत्न करायचा. एवढंच माझं काम. बोला."

बायको बोलू लागली. "त्या दिवशी अप्पा आंघोळीला गेले आणि आत पडले. दार आतून बंद होतं..." आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. ग्रंथालयाचे नियम नव्या सभासदाला सांगावेत तशी ती सांगत होती.

ती टेम्पोपर्यंत आली तेव्हा ताईंनी हात वर केला. "थांबा. हे तुम्ही याआधी कोणाला सांगितलंय?"

"गेल्या पंधरवड्यात दोघांना. तुम्ही तिसऱ्या."

"का?"

"त्याला विचारा."

तपासनिसांनी समजावून सांगितलं. तिन्ही पद्धती, सारखा भार, मामा, सगळं. सांगताना त्यांचा आवाज जरा खुलला. ताईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"छान," त्या म्हणाल्या. "आता मला सांगा, चाचणी संपल्यावर तुमच्या मामाचं काय होतं?"

"काही नाही. पुढची खुर्ची लावायची की तो पुन्हा तयार."

"आणि खुर्चीचं?"

"ती भंगारात जाते. मोडलेलीच असते ना."

"मग तुम्ही आम्हा तिघांची परीक्षा घेत होतात, त्यात आमचं कुठे काय मोडलं? तुमचे ते सर जेवायला घरी गेले. त्या मॅडमही गेल्या. मीही जाईन." ताईंनी बायकोकडे पाहिलं. "तो सारखा भार तीन वेळा पडला कोणावर?"

तपासनिसांनी बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना तेव्हा दिसली, आणि ती आजची नाहीत हेही कळलं.

"असू दे," ताई म्हणाल्या. "तीनदा ऐकलंत ना? त्यांना चौथ्यांदा नको सांगायला. तुम्ही सांगा. काय झालं त्या दिवशी?"

"अप्पा... आंघोळीला गेले आणि पडले," तपासनीस म्हणाले. "हिने मला फोन केला. मग..." ते थांबले. सरांचं वाळूचं घड्याळ त्यांना लख्ख आठवत होतं, त्याच्या लाकडी कडा, आतली पांढरी वाळू. मॅडमच्या खोक्यावरचा निळा पट्टासुद्धा आठवत होता. "मग हिने त्यांना रुग्णवाहिकेतून दवाखान्यात नेलं."

"टेम्पोतून," बायको म्हणाली.

ती रागावली नव्हती. वाचकाने पुस्तकाचं नाव चुकीचं सांगितलं की ती जसं दुरुस्त करत असे, तसंच तिने केलं. पण तपासनिसांना तो शब्द आता पहिल्यांदा ऐकू आला. तीनदा! तीनदा तिने आपल्या समोर बसून तेच सांगितलं होतं, आणि आपण घड्याळं आणि खोके बघत होतो. कोणता टेम्पो, हे विचारायचीसुद्धा त्यांना आता लाज वाटली. विचारलं असतं तर तिला ते पुन्हा सांगावं लागलं असतं.

त्या दिवशी गाडीत गुणांचा विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी तपासनीस प्रयोगशाळेत गेले. एका नव्या खुर्चीवर मामा बसत होता, उठत होता. रोजचंच दृश्य, पण त्यांना ते बघवेना. खुर्ची कुरकुरायला लागली तसे ते पुढे झाले आणि त्यांनी लाल बटण दाबलं. मामा अर्ध्यातच लटकून राहिला.

शेजारचा सहकारी धावत आला. "अहो, काय केलंत? पुन्हा शून्यापासून करावं लागेल आता."

"करू की," तपासनीस म्हणाले.

एवढंच होतं ते. एक बटण, आणि 'करू की' हे दोन शब्द. आभाळ कोसळलं नव्हतं, नोकरी गेली नव्हती. सहकारी थोडा पुटपुटला आणि चहाला गेला. तपासनीस त्या बटणाकडे बघत उभे राहिले. तीन वर्षांपूर्वीही ते इथेच होतं. ती फोनवर 'ये ना रे' म्हणाली होती तेव्हाही ते हाताच्या अंतरावरच होतं. नियमाने आपल्याला अडवलं, असं ते आजवर समजत आले होते. आपल्याला कोणीच अडवलं नव्हतं, हे त्यांना आत्ता कळलं.

संध्याकाळी ते ग्रंथालयाच्या पायऱ्यांशी जाऊन थांबले. बायको दार ओढून बाहेर आली आणि त्यांना पाहून दचकली. "काय झालं? कोणाला काही झालं का?"

नवरा नेहमीपेक्षा लवकर आला तर बायकोला आधी अपघातच आठवावा, याचंही त्यांना वाईट वाटलं. "काही नाही झालं," ते म्हणाले. "मला एवढंच सांगायचंय, की तू वेगळं व्हायचं ठरवलंस तर मी सही करीन. आडवा येणार नाही. आणि अप्पांचं तुला पुन्हा कधी विचारणार नाही. मला सगळं ऐकायचंय, पण विचारायचा हक्क मी घालवलाय. त्या दिवशी मी येऊ शकत होतो. आलो नाही."

बायकोने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "याला दहापैकी किती द्यायचे?" तिने विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. मग ती म्हणाली, "चल, गाडी कुठे लावलीयस?"

ताईंकडे ते आणखी दोनदा गेले. शेवटच्या वेळी तपासनिसांनी न राहवून विचारलंच, "ताई, पण खरं सांगा, तिन्हींत चांगली पद्धत कुठली?"

"सवय मेल्याशिवाय जायची नाही तुमची," ताई म्हणाल्या, आणि बायकोही हसली. "तिन्ही चांगल्या. बोलणंच तुटलंय तिथे ते वाळूचं घड्याळ कामाला येतं. बोलतात खूप, पण मनापर्यंत काही पोचत नाही, तिथे त्या मॅडम. आणि राहायचं की नाही हेच नक्की नसेल तर आधी माझ्यासारखी कोणी. तुलना जरूर करा, आंधळेपणाने कोणाकडे जाऊ नका. पण पद्धत म्हणजे काही इस्त्री नव्हे, की बटण दाबलं की ती आपली आपण तापेल. तिथे माणसाला स्वतःला तापावं लागतं. तुम्ही परीक्षक म्हणून गेलात. नवरा म्हणून गेला असतात तर पहिल्या सरांकडेही गुण आला असता."

"आणि मी नाही म्हटलं तर?" बायकोने विचारलं.

"तर नीट वेगळं व्हाल. एकमेकांना न ओरबाडता. तेही काही कमी नाही."

बायकोने सही पुढे ढकलली. रद्द केली नाही, पुढे ढकलली. सहा महिने दोघांनी त्या दुसऱ्या मॅडमकडे जायचं, असं तिने ठरवलं. "त्यांनी मला काय वाटलं ते विचारलं होतं," एवढंच कारण तिने दिलं. आता मॅडमकडे तपासनीस जातात तेव्हा खोलीत काय काय आहे ते त्यांना धड सांगता यायचं नाही.

सहा महिने अजून पुरे झालेले नाहीत. ते दोघं एकत्र राहतील की नाही, मला ठाऊक नाही, आणि उगीच गोड शेवट करून तुम्हाला फसवावंसं वाटत नाही. मला ठाऊक आहे ते इतकंच, की मदत मागण्यात कमीपणा नसतो, कमीपणा असतो ती तीन वर्षं उशिरा मागण्यात. आणि संसार दुरुस्त करायला कोणाच्याही दारात जा, पण जोडीदाराचं दुःख पुढे करून स्वतः मागे उभे राहू नका. उपचार निवडण्याआधी आपण स्वतः त्या खोलीत आहोत ना, एवढं प्रत्येकाने पाहावं. परवा एका सुट्टीच्या दुपारी घडलेलं सांगतो आणि थांबतो.

तपासनीस कपड्यांना इस्त्री करत होते. बायको शेजारी बसून वाळलेल्या चादरीची घडी घालत होती. मध्येच ती, कोणी काही विचारलेलं नसताना, म्हणाली, "तो टेम्पोवाला गाडी चालवताना सारखा मागे बघून म्हणत होता, 'आलंच हं काका, आलंच.' हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तिघांपैकी कोणालाच नाही."

तपासनिसांनी इस्त्रीची वायर तशीच ओढून काढली. वायर गुंडाळली नाही, शर्ट अर्धाच राहिला. ते खाली तिच्यासमोर येऊन बसले.

"ते तू म्हणायला हवं होतंस," ती म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "मी म्हणायला हवं होतं."

तिने चादरीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं आणि पुढचं सांगू लागली.